एकाच नावाची एकसष्ट पुस्तकं

"या नावाच्या बाईंनी लिहिलेली सगळी पुस्तकं मला हवीत," काटेकाका म्हणाले आणि देवघेवीच्या टेबलावर त्यांनी एक चिठ्ठी ठेवली.

चिठ्ठीवर नुसतं एक नाव होतं. जुन्या वळणाचं, हल्ली कुणी ठेवत नाही असं. पुढे आडनाव नाही, की मागे काही नाही.

वाचनालयात माझी बावीस वर्षं गेली. लोक काहीही मागतात. "ते निळं पुस्तक द्या, गेल्या वर्षी इथंच होतं," असं म्हणणारेही येतात आणि मी ते निळं पुस्तक शोधून देते. पण असं कुणी मागितलं नव्हतं.

"आडनाव?" मी विचारलं.

"ते माहीत असतं तर काय हवं होतं, बाई!"

काटेकाकांना मी चेहऱ्यानं ओळखत होते. बाजारपेठेतल्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे ते. भाजीवाल्याचा, सोनाराचा, धान्याच्या गोदामातला, सगळे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. त्यामुळे सगळे त्यांना काटेकाका म्हणत. सत्तरीच्या घरातला माणूस, शर्टाच्या खिशात कायम चिमटा आणि बारीक पेचकस. वाचनालयाची पायरी मात्र ते त्या दिवशी पहिल्यांदाच चढले होते.

मी संगणकात लेखकाच्या पहिल्या नावानं शोध घेतला. एकसष्ट पुस्तकं निघाली. एकोणीस लेखिकांची.

"एकसष्ट?" त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "बरं. मग सुरुवात करू या."

"काका, पण कशासाठी हवीत?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. वर्तमानपत्रं वाचणारे दोन म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. तरी ते आवाज खाली घेऊनच बोलले.

त्यांना एक मुलगी होती. सतरा वर्षांपूर्वी घर सोडून गेली ती गेलीच. पत्र नाही, फोन नाही. गेल्या महिन्यात ते एका किराणावाल्याचा काटा दुरुस्त करायला गेले होते. किराणावाला बोलता बोलता म्हणाला, "काका, तुमची मुलगी आता पुस्तकं लिहिते म्हणे. माझ्या बहिणीला कुठल्याशा कार्यक्रमात भेटली होती." बहिणीला पुस्तकाचं नाव आठवत नव्हतं, गावही आठवत नव्हतं. आडनाव तर नाहीच.

"लग्न केलं असेल, आडनाव बदललं असेल," काटेकाका म्हणाले. "पण नाव कोण कशाला बदलेल? माझ्या आईचं नाव आहे ते. मी ठेवलेलं."

आम्ही यादी चाळली. ज्यांच्या जन्माचं साल होतं आणि ते जुळत नव्हतं, त्या लेखिका वगळल्या. ज्यांचे फोटो होते त्या वगळल्या. अकरा लेखिका उरल्या, चौतीस पुस्तकं. कोंबड्यांचे रोग, विणकाम, तीन रहस्यकथा, लहान मुलांची गाणी, गुडघेदुखीवरचे व्यायाम, विहिरी आणि भूजल, भाडेकरूंचे हक्क, एक कवितासंग्रह, चांदण्या ओळखायचं पुस्तक. एका घरात कधीच एकत्र दिसणार नाहीत अशी पुस्तकं त्या यादीत एकाखाली एक बसली.

"सगळी वाचणार?"

"लिहिणं वाचलं की मला कळेल. बाप आहे मी."

मग दर गुरुवारी दुपारी ते यायचे. तीन पुस्तकं परत करायचे, तीन न्यायचे. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी असायची, बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली. परत आलेली पुस्तकं कपाटात लावताना मी त्या चिठ्ठ्या वाचायचे. पुढं पुढं तर त्यांची वाटच बघायचे.

विणकामाच्या पुस्तकात लिहिलं होतं, "ही नव्हे. चित्रातली बाई उजव्या हाताने सुई धरते. आमची डावरी."

भूजलाच्या पुस्तकात, "नव्हे. ही विहिरीत उतरते. आमची विहिरीजवळून जाताना माझं बोट धरायची."

रहस्यकथेत, "खून चांगला केला आहे, पण नव्हे. तिला रक्त बघवत नसे."

अशी एकेक लेखिका गळत गेली आणि एकेका चिठ्ठीतून ती मुलगी माझ्यापुढं उभी राहत गेली. डावरी, भित्री, पहाटे उठून लिहिणारी, आंघोळीला जायचं म्हटलं की गाणं म्हणणारी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण वाटेत समोर आली असती तर ओळखलं असतं, असं वाटायला लागलं.

कोंबड्यांच्या रोगांवरचं पुस्तक त्यांनी तीनदा मुदत वाढवून ठेवून घेतलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं की कोंबडी आजारी आहे हे मालकाच्या सगळ्यात शेवटी लक्षात येतं, कारण ती खाणं सोडेपर्यंत काही दाखवत नाही.

"हे वाक्य तिचं असू शकतं," ते म्हणाले.

त्यांनी प्रकाशकाच्या पत्त्यावर त्या लेखिकेला पत्र पाठवलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं, अगदी प्रेमाचं. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, पशुवैद्य होत्या, आणि काकांच्या कोंबड्यांना नेमकं काय होतंय असं त्यांनी कळकळीनं विचारलं होतं. काका ते पत्र मला दाखवताना हसले. मीही हसले. मग त्यांनी पत्राच्या चार घड्या केल्या आणि ते खिशात घातलं.

एका गुरुवारी ते आले नाहीत. त्यांच्याऐवजी काकू आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, चटपटीत बाई. पुस्तकांची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसवून आलेय. ही परत घ्या. आणि एक विचारू? अजून किती राहिलीत?"

"बारा."

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "त्या बारांत ती नाही."

"म्हणजे?"

"त्या नावानं ती लिहीतच नाही, बाई. ते नाव तिनं टाकलं. घर सोडलं त्याच वर्षी."

काकू माझ्या टेबलाला धरून उभ्या होत्या आणि भराभर बोलत होत्या, कुणी येण्याआधी सगळं सांगून टाकायचं असल्यासारखं. नऊ वर्षांपूर्वी मुलीचा फोन आला होता. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी, काका गोदामांचे काटे तपासायला जातात तेव्हा, मायलेकी बोलतात. अट एकच. वडिलांना कळता कामा नये. कळलं तर फोन बंद.

"माणूस डोळे फोडून घेतोय माझ्यासमोर," काकू म्हणाल्या. "मी शेजारी बसून भाजी निवडते आणि बघते. सांगितलं तर ती जाते, नाही सांगितलं तर हे असं. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

त्यांनी मुलीचं नवं नाव सांगितलं, आणि मग मलाच हात जोडले. "तुम्ही यातलं काही बोलू नका. तेवढा एकच धागा आहे माझ्याकडे."

मी शब्द दिला.

त्या गेल्यावर मी नवं नाव संगणकात घातलं. पुस्तक आमच्याकडेच होतं. दोन वर्षांपूर्वी आलेलं, चौदा जणांनी वाचलेलं. काटेकाका दर गुरुवारी ज्या खुर्चीत बसायचे तिच्या पाठीमागच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. हात लांब केला असता तर लागलं असतं.

मी ते घरी नेलं आणि रविवारी एका बैठकीत वाचून काढलं. आठवणींचं पुस्तक होतं. फोटो नव्हता, गावाचा उल्लेख नव्हता. वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

पुढच्या गुरुवारी काका आले. मी त्यांच्या तीन पुस्तकांत ते चौथं सरकवलं. बोलणार नाही असा शब्द दिला होता, पुस्तक देणार नाही असा दिला नव्हता. अशी स्वतःचीच समजूत घातली मी.

आठवड्यानं ते परत आले. चारही पुस्तकं टेबलावर ठेवली. तिन्हींत चिठ्ठ्या होत्या. चौथं त्यांनी वेगळं काढून माझ्याकडे सरकवलं.

"हे चुकून आलं, बाई. नाव वेगळं आहे."

"वाचून तरी बघायचं होतं, काका. चांगलं आहे."

"असेल. पण डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या मधल्या भागातलं दिसणं चाललंय. कडेचं राहील, मधलं जाईल. म्हणजे माणसाकडे बघितलं तर कान दिसतील, तोंड दिसणार नाही." ते हसल्यासारखं हसले. "किती दिवस आहेत माहीत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या मुलीवर कशाला घालवू?"

मी पुस्तक उचललं आणि जागेवर ठेवून आले. ती दहा पावलं मला फार लांब वाटली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पुस्तक वाचणं लगेचच सुटलं आणि तीन महिन्यांत त्यांना अक्षरही दिसेनासं झालं. दुकानांचे काटे आधीच सुटले होते. पहिले पहिले गुरुवार ते यायचे आणि नुसतेच बसून राहायचे. काकू त्यांना दारापर्यंत सोडायच्या आणि पाच वाजता न्यायला यायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत.

एकदा ते म्हणाले, "बाई, नऊ पुस्तकं राहिली आहेत. तुम्हाला वेळ असला तर थोडं वाचून दाखवाल?"

आमच्याकडे मागच्या बाजूला फाटकी पुस्तकं शिवायची एक खोली आहे. खळीचा वास, एक लांब टेबल, दोन स्टुलं. गुरुवारी तीन ते पाच मी तिथं बसून त्यांना वाचून दाखवायला लागले. बाहेर टेबलावर माझी सहकारी बसायची. भाडेकरूंचे हक्क आम्ही दोन गुरुवारांत संपवले. कुणालाही इतका कंटाळा कधी आला नसेल, पण ते कान देऊन ऐकत होते. प्रत्येक पुस्तक सुरू करताना ते विचारायचे, "त्याच नावाचं ना?" मी "हो" म्हणायचे.

सहा पुस्तकं राहिली. मग चार. एका बुधवारी मला झोप लागली नाही. चार संपली की हा माणूस काय करणार? बापाला आपली मुलगी ओळखता आली नाही, एवढंच घेऊन घरी बसणार.

गुरुवारी मी ते पुस्तक घेऊन बसले.

"त्याच नावाचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. खोटं तर खोटं.

पहिलं प्रकरण शाळेचं होतं. ते शांतपणे ऐकत होते. दुसऱ्यात घर आलं, अंगणातला हौद आला, तेव्हा त्यांनी मांडीवरचा हात उचलून टेबलावर ठेवला. मी वाचत राहिले. तिसऱ्या प्रकरणात ती मुलगी वीस वर्षांची होते. परीक्षेत तिसऱ्यांदा नापास होते. अभ्यासाऐवजी ती वह्यांमागून वह्या लिहीत असते, गोष्टी, टिपणं, काय काय. वडिलांना त्या वह्या सापडतात. ते त्या दोरीनं बांधतात आणि रद्दीवाल्याकडे नेतात. तीही मागोमाग धावत जाते. तिच्यासमोर गठ्ठा काट्यावर चढतो. मी वाचलं, "माझी सहा वर्षं पाच किलो भरली."

"साडेचार," काटेकाका म्हणाले.

मी थांबले.

"साडेचार किलो. तो काटा मीच आदल्या आठवड्यात दुरुस्त केला होता. पाच तिनं उगाच लिहिलंय."

खोलीत पंखा फिरत होता. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, जरा बाजूला होता. कडेनं दिसतं म्हणून ते हल्ली असेच तिरके बघायचे.

"नाव काय घातलंय पुस्तकावर?"

मी सांगितलं.

त्यांनी ते एकदा हलक्या आवाजात म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा म्हणायला गेले आणि सोडून दिलं. "हे तुम्ही मला मागंही दिलं होतं. मीच परत आणलं."

"हो."

"बरं. पुढं वाचा."

"काका, पुढं फार बरं नाही लिहिलेलं."

"बरं कसं असेल? वाचा."

मी वाचलं. ती त्या रात्रीपुरती मैत्रिणीकडे गेली आणि पुन्हा घरी आलीच नाही. वडिलांविषयी फक्त अर्धं पान होतं. शेवटी लिहिलं होतं, "त्यांनी त्या वह्यांकडे पुन्हा वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"पाहिलं होतं," ते म्हणाले. एकदम पोरासारखा आवाज झाला त्यांचा. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी रद्दीवाल्याकडे गेलो होतो. गाडी गेली होती. मग मी कागदाच्या कारखान्यापर्यंत गेलो, सायकलवर. दुपार झाली. फाटकावरच्या माणसाला म्हटलं, निळ्या सुतळीचा गठ्ठा आहे, एवढा एकच दे. तो मला आत घेऊन गेला. हौद दाखवला. नुसता लगदा होता, बाई. पांढरा. गरम. त्यातून काय काढणार?" त्यांनी दोन्ही तळवे उघडून पुढं केले, त्यांत काही असावं तसे. "घरी आलो तर ती मैत्रिणीकडून परत आलेलीच नव्हती. मग कुणाला सांगणार?"

"काकूंना?"

"काय तोंडानं?"

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. काकू उभ्या होत्या. त्या दिवशी अर्धा तास लवकर आल्या होत्या. किती ऐकलं होतं त्यांनी, मला ठाऊक नाही. पण माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी ओळखलं होतं. त्यांची नजर माझ्यावर आली आणि मी मान खाली घातली. शब्द मोडला होता मी.

काकांना पाऊल कळलं. "ये. बस."

त्या दुसऱ्या स्टुलावर बसल्या. मी उठून भिंतीला टेकले.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

मला वाटलं, आता ओरडतील. टेबलावर खळीचा एक वाळलेला ओघळ होता, तो काका नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "बरी आहे का ती?"

"बरी आहे. शाळेत शिकवते. एक मुलगी आहे. सात वर्षांची."

"सात वर्षांची," ते म्हणाले.

"तुम्ही कारखान्यात गेला होता?" काकूंनी विचारलं. "मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेले. पाच वाजता ती दोघं बाहेर आली तेव्हा काकूंनी त्यांचा दंड धरला होता. जाताना काकू माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं, बोल लावतील. त्या म्हणाल्या, "शनिवारी विचारते तिला. कारखान्याचं सांगते. मग होईल ते होईल."

तो शनिवार गेला. रविवार ते बुधवार मी प्रत्येक वेळी दार वाजलं की वर बघायचे. स्वतःला शिव्या घालायचे. त्या मुलीनं आईचाही फोन तोडला असेल तर? माझ्या एका दुपारच्या शहाणपणापायी?

गुरुवारी दोघं आली. काका थेट मागच्या खोलीकडे गेले, भिंतीला हात लावत. त्यांना आता वाट पाठ झाली होती. काकू टेबलाशी थांबल्या.

"सांगितलं मी सगळं. सायकल, फाटक, लगदा. ती किती तरी वेळ गप्प होती. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाली, 'आई, मी रागावलेय म्हणून येत नाही असं नाही. मला ते जमणारच नाही.' म्हटलं, नुसतं बोल त्यांच्याशी, दोन मिनिटं. नको म्हणाली."

"आणि तुमचा फोन?"

"तो चालू ठेवलाय. तेवढी दया केली." त्यांनी डोळे मिटून उघडले. "यांच्याशी फोनवर बोलायचं नाही, एवढंच."

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं. लपवून काय होतं ते बघितलंच की आम्ही. 'बरं' म्हणाले. जेवले. झोपले. काटे ठेवायची पेटी काढून सगळी वजनं पुसत बसले दुसऱ्या दिवशी. दिसत नाही तरी. मी म्हटलं, बसा पुसत."

मी मागच्या खोलीत गेले. काका नेहमीच्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, मान जराशी वळवलेली. तिचं पुस्तक आम्ही अर्ध्यावर सोडलं होतं. मी ते बरोबर नेलं होतं.

"पुढं वाचू?" मी विचारलं.

"पुढं मी आहे का त्यात?"

"नाही. पुढं तिचं शिक्षण, नोकरी, मुलगी."

"मग वाचा. सावकाश वाचा."

मी सावकाश वाचलं. मुलीच्या जन्माचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी एकदा थांबवून विचारलं, "डावरी आहे का ती पोर? लिहिलंय का?" मी दोन पानं पुढं मागं करून बघितली. लिहिलेलं नव्हतं. तसं सांगितलं तर त्यांनी मान हलवली.

त्यानंतर दोन गुरुवारांत ते पुस्तक संपलं. शेवटचं पान झाल्यावर ते म्हणाले, "हिचं आणखी काही आहे?"

"नाही, काका. हे एकच."

"पुढचं येणार आहे का?"

मी प्रकाशकाला फोन करून विचारलं होतं. लेखिकेनं तूर्त काही कळवलेलं नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं. मी तेच त्यांना सांगितलं. बाहेरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. पाचला अजून चाळीस मिनिटं होती आणि काकू पाचच्या आधी येणार नव्हत्या.

"मग आता काहीतरी वाचा," ते म्हणाले.

"काय वाचू?"

"काहीही."

परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीवर सगळ्यात वर जे होतं ते मी उचलून आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. त्यांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते की नाही, मला कळत नव्हतं. तरी मी पाच वाजेपर्यंत वाचत राहिले.